स्टुलावरचे पट्टेवाले

आमच्या कोर्टाच्या दाराशी स्टुलावर बसणारे पट्टेवाले काका न्यायाधीश सोडून कुणासाठीही उठत नाहीत. आम्हा वकिलांना बसल्या जागेवरूनच ऐकवतात, “अहो, मोबाईल बंद करा. आत तुमच्या घरचं कार्य नाहीये.”

परवा एक आजी साक्षीला आल्या. दाराबाहेर चपला काढून त्या अनवाणी आत गेल्या आणि न्यायाधीशांना त्यांनी देवाला जोडावेत तसे हात जोडले. मागे कुणीतरी हसलं.

साक्ष देऊन आजी बाहेर आल्या, तर चपला जागेवर नव्हत्या. पट्टेवाल्यांनी त्या केव्हाच उचलून स्टुलाखाली ठेवल्या होत्या.

“आजी, चपला देवळाबाहेरून जातात, त्या इथे राहतील होय?” असं म्हणत ते उठले. चपला त्यांनी आजींच्या पायांपुढे सरळ मांडल्या आणि आजी जिना उतरेपर्यंत ते उभेच राहिले.