टाचणीचं कुंपण

आमच्या नाटक कंपनीच्या कपडेपटावर एकाच बाईचं राज्य होतं. तिच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून सगळे तिला टाचणीच म्हणत. दोन प्रवेशांमधल्या काळोखात तिने मला महाराणीची भिकारीण किती वेळा केलं असेल, देव जाणे. कुणी कपडे बदलताना कुणाची नजर वळली, तर ही मधे पाठ आडवी करून उभी राहायची. काय दिवस होते ते!

कंपनी बुडाली, आम्ही म्हाताऱ्या झालो, आणि टाचणीच्या नवऱ्याची डावी बाजू लुळी पडली. घराची वाटणी आधीच झालेली. जुनं ऐसपैस न्हाणीघर धाकट्या दिराकडे गेलं. हिने नवीन बांधलं, त्यात नवऱ्याची चाकांची खुर्ची वळेना. म्हणून ती नवऱ्याला परसात उन्हात बसवून आंघोळ घालायची. मधे छातीइतकी सामाईक भिंत. तिच्यावर कोपरं टेकून, हातात चहाचा कप घेऊन दीर बघत उभा.

"वहिनी, कानामागे राहिलं बघा. दादा लहानपणापासून अंगचोर."

तिने दोन काठ्यांना चादर बांधली. वारा सुटला की तो म्हणायचा, "पडदा वर गेला वहिनी, करा नाटक सुरू."

नवऱ्याने परसात यायचंच सोडलं. नुसतं अंग पुसून किती दिवस भागणार? पाठीला जखमा झाल्या. डॉक्टर म्हणाले, पाणी आणि ऊन हवंच. भिंत वाढवायला दिराचा होकार लागणार, तो मिळणार नव्हता.

"मग झाडं," टाचणी म्हणाली आणि मला ओढत रोपवाटिकेत घेऊन गेली.

रोपवाटिकेवाला बांबूचं कौतुक सांगू लागला.

"मुळं दिराच्या घराखाली जातील," टाचणी म्हणाली. "त्याला कोर्टात जायला निमित्तच हवंय."

"मग अशोक लावा."

"तो उंच होईपर्यंत माझा नवरा थांबायचा नाही."

"कण्हेर? पण चीक विषारी हं."

"मनात येतं हो. पण नको."

जास्वंद म्हटलं तर फुलं जाऊ तोडून नेणार, वर यंदा बारीक का आली म्हणून विचारणार. वेल लावावा तर दीर एका हिसक्यात उपटणार.

"भाऊ, कापलं की जास्त फोफावतं असं काही आहे का?"

त्याने कडू मेंदी दाखवली. "हिला जितकी छाटाल तितकी दाट."

"द्या. छाटणारा आहे माझ्याकडे, फुकटचा."

रोपं तिने भिंतीपासून हातभर आत लावली, म्हणजे शेंडे दिराच्या हाती लागायला नकोत. आडव्या फांद्या पलीकडे झुकू लागल्या, तशी ती मोठ्याने म्हणाली, "जाऊबाई, तुमच्याकडे एक फांदी आलीय. असू दे हं, शोभा येते."

"शोभा तुमच्या घरात ठेवा," पलीकडून उत्तर आलं. "अहो, कात्री आणा."

दीर रोज सकाळी कात्री घेऊन हजर. "माझ्या हद्दीत एक पान ठेवणार नाही," म्हणायचा, आणि एका फांदीच्या दोन करून द्यायचा. कधी दमला, तर टाचणी हळूच म्हणे, "भावजी थकले वाटतं." की पुन्हा कात्री सुरू. तिच्या घरी चहा पिताना मी हसू दाबत तो आवाज ऐकायची.

वर्ष सरायच्या आत मेंदी डोक्याच्या वर गेली, आणि इतकी दाट झाली की पलीकडचा उजेडही दिसेना. त्या दिवशी मी तिथेच होते. नवरा आपणहून म्हणाला, "बाहेर चल." टाचणीने खुर्ची उन्हात नेली, त्याचा सदरा काढला, पहिला तांब्या ओतला. पलीकडे कात्री थांबली.

"दादा, आहेस का रे तिथे?"

नवऱ्याने उजव्या हाताने टाचणीचं मनगट धरलं. दुसरा तांब्या हवेतच राहिला.

"दादा?"

बऱ्याच वेळाने दिराच्या चपला घराकडे वाजत गेल्या. मग नवऱ्याने मनगट सोडलं, आणि पाठ तिच्याकडे केली.