वनिताच्या हातचा वळू

मळमड्डीतल्या आमच्या घरी वनिता पहिल्यांदा कामाला आली तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला, "अक्का, गोठा कुठं हाय?" मी म्हटलं, इथं स्कूटर लावायला जागा नाही, गोठा कुठला? तिचा चेहरा पडला. भांडी, केरवारे, स्वयंपाक सगळं तिनं पत्करलं, पण जनावर नसलेलं घर तिला घरच वाटत नव्हतं.

मी एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. पोरं मला मागून 'मिरची टीचर' म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तरी वनिताची हकीगत ऐकली त्या दिवशी आला तितका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

तिचं सासर अळणावरच्या पलीकडं, रानाला लागून असलेल्या खेड्यात. नवरा रामू, सासू सीताबाई आणि दोन गावठी गाई. लग्नाला पाच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. त्या साली दोन्ही गाई रानात चरायला गेल्या त्या दोन दिवस परतल्याच नाहीत. पुढं दोघी व्याल्या, एकीला गोऱ्हा आणि एकीला कालवड. वासरं मोठी होत गेली तशी काळी पडली, पाठीवर उंचवटा आला, गुडघ्यांखाली पाय पांढरे झाले. रानात गवा फिरतो हे गावाला ठाऊक होतं, त्यामुळं बाप कोण हे कुणी विचारलं नाही.

गोऱ्हा इतका थोराड होता की वितानाच त्याची आई मेली. वनितानं त्याला दुसऱ्या गाईच्या दुधावर वाढवलं. आधी बोट चाटवायचं, मग हळूच बाटली तोंडात द्यायची. थंडीत ती त्याच्याजवळ पोतं अंथरून झोपायची. सासू म्हणायची, "पोटचं न्हाई तर हे तरी." हे टोचून बोलणं होतं, पण वनिताला ते गोड लागायचं.

त्या गावात देवाच्या नावानं एक वळू सोडतात, त्याला बसवा म्हणतात. बसवा सुटला की गावातले बाकीचे गोऱ्हे खच्ची करायचे, आणि पाच वर्षं इंजेक्शन देऊन गाई भरवणाऱ्या डॉक्टरला वेशीच्या आत घ्यायचं नाही. देवाचा वळू असताना इंजेक्शन म्हणजे देवावर अविश्वास. जुना बसवा थकला तेव्हा पंचांची नजर वनिताच्या गोऱ्ह्यावर गेली. असा देखणा वळू तालुक्यात नव्हता. वाजतगाजत सोडला त्याला. वनितानं त्याला ओवाळलं. गावानं तिचं कौतुक केलं ते त्या एका दिवशी.

मग गाई माजावर येऊ लागल्या. बसवा अंगानं दांडगा, कामात कुठं कमी नाही. पण प्रत्येक गाय तीन आठवड्यांनी उलटायची, पुन्हा माजावर यायची. असं एकदा, दोनदा, दहादा झालं. दोन वर्षं गावातली एकही गाय गाभण राहिली नाही. चहाला दूध अळणावरहून पिशवीत यायला लागलं.

खोट कुणात, याचा शोध सुरू झाला. बसव्याच्या जोडीची ती कालवड जुन्या वळूपासून गाभण राहून व्याली होती, तेव्हा बादलीभर दूध द्यायची. बहीण विते तर भावात काय खोट असणार? गव्याचं रक्त चांगलं, देव तर चांगलाच. उरली कोण? पंचांनी निकाल दिला, वांझेच्या हातचं दूध प्यायला म्हणून वळू वाया गेला. सीताबाईंनी तिचे कपडे पिशवीत भरून दिले. रामू उंबऱ्यात बसून विडी ओढत होता.

मी कपाळाला हात लावला. हीच तर गोष्ट मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते. दोन वेगळ्या जातींचा संकर झाला तर पहिला मार नराला बसतो. मादीकडे एक्स गुणसूत्रांची जोडी असते, एकात काही बिनसलं तर दुसरं सांभाळून घेतं. नराकडे एक्स एकच आणि वाय एक, त्याला सांभाळून घेणारं कुणी नाही. गव्याची आणि गाईची गुणसूत्रं वृषणात नीट जुळत नाहीत, बीज तयार होता होता अर्ध्यावर अडतं. वळू धिप्पाड होतो, माजावर येतो, चढतो, फक्त बीज नसतं. बहीण विते म्हणून भाऊ फळेलच असं नाही. शंभर वर्षांपूर्वीचा नियम आहे हा, आणि त्यापायी माझ्या स्वयंपाकघरात एक बाई हद्दपार होऊन पोळ्या लाटत होती.

माझा जुना विद्यार्थी गुरुराज जनावरांचा डॉक्टर आहे. त्याला फोन केला. बसव्याच्या अंगाला सुई लावायची नाही, या अटीवर पंच बसवा तपासू द्यायला कबूल झाले. निघायच्या सकाळी पाहते तर वनिता आपली कपड्यांची पिशवी घेऊन जीपमध्ये बसलेली. "खोट बसव्यात हाय म्हटल्यावर मला घरात घेतीलच की, अक्का," ती म्हणाली. मीही म्हटलं, घेतीलच. केवढी शहाणी मी!

देवळासमोर टेबल मांडलं. बसवा आडदांड, पण वनितानं मानेवर हात ठेवला आणि तो मेंढरासारखा उभा राहिला. गुरुराजनं बरोबर आणलेलं चांगल्या वळूचं वीर्य पहिल्या काचेवर घेतलं, दुसऱ्या काचेवर बसव्याचं. एकेकाला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. पहिल्या काचेवर मुंग्यांचं वारूळ फुटावं तशी वळवळ. दुसऱ्या काचेवर काहीच नाही.

म्हातारे पंच दोनदा बघून बसले. "होग्ली बिडु," ते म्हणाले, जाऊ दे, सोड. "बसवा देवाचा, तो र्‍हाईल. इंजेक्शनवाल्याला बोलवा." झालं. दोन वर्षांचं भांडण दोन वाक्यांत मिटलं. बसव्याला पेंड मिळाली, हार मिळाला. पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

मला राहवलं नाही. मी तिथंच वर्ग घेतला, खोट नरात असते, मादीत नाही, वगैरे. सीताबाई शांतपणे म्हणाल्या, "गाईंचं भागलं, बाई. हिचं काय? ही तर गाभण र्‍हाईना."

वनिता गुरुराजकडे वळली. "डॉक्टर, माणसाचं पण दिसतंय काय ह्याच्यात?"

रामू उठला, चपला घातल्या आणि रानाच्या वाटेनं चालायला लागला. पिशवी आमच्याबरोबर जीपमधून मळमड्डीला परत आली.

पुढं मी तिला हुबळीला नेऊन सगळ्या तपासण्या करून आणल्या. तिच्यात काही खोट नाही. तो कागद ती ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवते. वाचता येत नाही, पण अधूनमधून उघडून बघते.

गेल्या महिन्यात रामू आला. फणस घेऊन आला, पाय धुतले, ओसरीवर बसला. गावात बावीस गाई व्याल्या, म्हणाला. एका गोऱ्ह्याची आई साप चावून गेलीय, पण गोऱ्हा नामी आहे, पंचांच्या मनात तोच पुढचा बसवा आहे. "गाव बोलवालंय तुला. तसा वळू वाढवायचा तर तूच पायजेस. तुझ्या हाताला गुण हाय, म्हणालेत."

कालपर्यंत ज्या हाताला विटाळ होता, त्याला आता गुण आला होता. माझ्या जिभेवर आलेलं मी कसंबसं गिळलं, कारण वनिता बोलत होती.

"येते की. आधी दवाखान्यात चला. बसव्याचं बघितलं तसं तुमचं बघू दे डॉक्टरला."

"मी काय जनावर हाय?"

"जनावर गप उभं र्‍हायलं," ती म्हणाली.

रामूनं चहाला हात लावला नाही. फणस तिथंच टाकून तो बसस्टँडकडे निघून गेला. वनितानं चहा मोरीत ओतला, कप विसळला, पालथा घातला. मला वाटलं, जिंकली पोरगी. मग ती मोरीच्या कट्ट्यावर बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, त्या रामूसाठी कशाला रडतेस?

"त्यांच्यासाठी न्हाई, अक्का. ते वासरू बाटली धरत नसंल. आधी बोट चाटवाय लागतंय. तिथं कुणाला म्हाईत न्हाई."