पेटीचं दुसरं टोक

लोक त्याला भोंगा म्हणत. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नांत आणि वाढदिवसांत गाणी वाजवणाऱ्या माणसाने असल्या नावाचं काय वाईट वाटून घ्यायचं? वाईट वाटायचं ते पाठीचं. त्याचं मिक्सिंगचं अवजड यंत्र लोखंडी कोपऱ्यांच्या पेटीत असे. ती दोघांनी उचलायची, आणि जिन्यावर खालचं टोक बायको धरायची.

डॉक्टरांनी बजावलं, "आता वजन बंद. नाहीतर कायमचे आडवे व्हाल." तेच काम करणारा, एका हाताने उचलता येईल असा छोटा डीजे कंट्रोलर जमला तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा. दुसरं काही त्याला येतच नव्हतं. म्हणून त्याच दुपारी दोघं साउंडच्या सामानाच्या दुकानात आले.

दुकानदाराने तीन कंट्रोलर मांडले. पहिल्याची फिरवायची चाकं बशीपेक्षा लहान. दुसऱ्याला मोठे स्पीकर जोडायची धड सोय नाही. तिसरा मात्र बरा होता, दप्तरात मावेल एवढा. त्याने तो एका हाताने उचलला आणि आनंद व्हायच्या ऐवजी त्याला एकदम थकवा आला. इतकी वर्षं उगाच हमाली केली म्हणायची!

"आता तुला यायला नको," तो बायकोला म्हणाला. "सुटलीस एकदाची."

ती कंट्रोलरवरची बटणं एकेक करून न्याहाळत होती.

त्याने एक गाणं लावलं. गेली दोन वर्षं त्याला सगळी गाणी गोधडीखालून आल्यासारखी ऐकू येत. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. बहिऱ्या भोंग्याला कामं कोण देणार? नेहमीप्रमाणे त्याने ट्रेबलचं, म्हणजे तीक्ष्ण आवाज वाढवायचं बटण वर चढवलं. आवाज चिरकायला लागला तसं दुकानदाराने तोंड वाकडं केलं.

बायकोचा हात पुढे आला. ओळीतलं सगळ्यात वरचं, तेच ट्रेबलचं बटण तिने न बघता अलगद मागे फिरवलं, आणि चोरी पकडली गेल्यासारखा हात मागे घेतला.

तो बघतच राहिला. प्रत्येक कार्यक्रमात ही पाण्याची बाटली घेऊन यायची. "घोटभर घ्या" म्हणायची, आणि तो मान वर करून प्यायचा. तेवढा वेळ बटणं तिच्या हाताशी असायची.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दोन वर्षं झाली. त्या शाळेतल्या कार्यक्रमात पुढची पोरं कानांवर हात ठेवून बसली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त हायसं वाटलं.

"मग हाच बांधू ना?" दुकानदाराने विचारलं.

"बांधा," बायको म्हणाली. "पण या वरच्या बटणांवर लाल टिकल्या चिकटवून द्या. फार बारीक आहेत हो, मला चाचपडावं लागेल."

खोकं त्याच्या एका हातात मावत होतं. तरी दुकानाच्या पायऱ्या उतरताना सवयीने तिने खालचं टोक धरलं, आणि त्याने ते धरू दिलं.