पदर उद्या लावू

त्या सकाळी मी रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या झाकून ठेवलेल्या गाड्यापाशी उभी होते. ते माझं ठरलेलं ठिकाण. जामखेडच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे आणि त्याच्या काचेतल्या पुतळ्याला साड्या नेसवायचं काम माझी धाकटी जाऊ शालन करायची. ती काचेच्या आत, मी रस्त्यापलीकडे. तिनं नेसवायचं, मी लांबून बघून हातानं खुणा करायच्या... निऱ्या जरा वर घे, पदर खाली सोड. आतल्या माणसाला बाहेरून कसं दिसतंय ते कळत नाही, म्हणून ही आमची जोडी. पुतळ्याचा पदर अर्धवट राहिला होता, तोच बघत होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. शालनचा मुलगा महेश, नगरच्या दवाखान्यातून. "मोठी आई..." एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "बोल की रं." तर रडायलाच लागला. मी काचेकडे बघत राहिले. पुतळा हसत होता. त्याला बनवलंच तसं, त्याचा काय दोष...

आदल्या संध्याकाळी त्याला मोरपंखी साडी नेसवायला घेतली होती तिनं. निऱ्या झाल्या, चोपून बसवल्या, पदर खांद्यावर नुसता टाकला आणि काचेतून खाली उतरली. "आक्का, कसंतरीच व्हतंय. पदर उद्या लावू." मी म्हटलं, "भाकरी थापायचा कंटाळा आलाय म्हण की सरळ." ती हसली. नेसवताना तोंडात टाचण्या धरायच्या म्हणून तिला ओठ मिटून हसायची सवय लागली होती. टाचण्या नसल्या तरी तशीच हसायची. रात्रीत जास्तच झालं, तिला नगरला हलवलं. पुढचं वर सांगितलंच.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय शालन कळायची नाही. मी कोल्हारची. प्रवरेच्या पाण्यावर वाढलेली, सातवी पास, हातात भरतकामाचा रुमाल. जामखेडच्या कोरड्या मुलखात आपण उपकार करायला आलोय, असा माझा ठाम समज. तेव्हाची ती बया, म्हणजे मीच, आज समोर आली तर मी तिला हंडा देऊन टँकरपुढे उभी करीन! शालन माझ्यामागून आली. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे, तिचं निम्मं लहानपण फडात गेलेलं. घरात आली तेव्हा बोलायचीच नाही. मला वाटायचं, माझ्या हुशारीला दबून आहे.

पहिला पुतळा आला तो टेम्पोतून, पोत्यात गुंडाळून. पोतं सोडलं तर आत गोरीपान, टकली आणि पूर्ण उघडी बाई. सासूबाईंनी अंगावरची शाल तिच्यावर टाकली. "भर पेठंत उघडी बाई उभी करता? त्यापरीस मला करा उभी!" आमचे हे त्या पुतळ्याकडे जरा जास्तच निरखून बघत होते, असं मला वाटलं. खरं सांगते, मला त्या टकलीचा मत्सर वाटला. मी पुढे होऊन म्हटलं, "मी नेसवते. नऊवारी." माझ्यासारखी नऊवारी तालुक्यात कुणी नेसत नाही, हाही माझाच समज. पण त्या बाईच्या दोन पायांत फट जेमतेम बोटभर. काष्टा काही जाईना. मी तसंच कसंबसं गुंडाळून दिलं, ऐटीत बाहेर आले, मागे वळून बघते तो साडी हळूहळू सुटत खाली आली आणि टकली पुन्हा उघडी. अख्खी पेठ हसली. चहावाला किटली खाली ठेवून हसला. मी आत गेले आणि पुतळ्याच्या टकलावर एक चापट मारली, तसे पुन्हा हसले सगळे.

तेव्हा शालन पुढे आली. तिनं पुतळा चाचपला, मांडीपाशी एक हिसडा दिला आणि अख्खा पाय उपसून गादीवर ठेवला. सासूबाई किंचाळल्या, "अगं, लंगडी केलीस की तिला!" शालन म्हणाली, "आदी काष्टा घालते, पाय मागनं लावते." या घरात तिचं मी ऐकलेलं ते पहिलं धड वाक्य. त्या दिवसापासून ती आत गेली आणि मला ह्यांनी रस्त्यापलीकडे पाठवलं. "तू नुसती बघ," म्हणाले. मला तो मान वाटला! मी जत्रेतला काळा चष्मा घालून तिथं उभी राहायचे, लोकांना वाटावं कुणी सायबीण आलीय.

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी बाजार भरायचा. एका वर्षी काचेत शालूच हवा, म्हणून मी हटून बसले होते. शालन म्हणाली, "शालू दिसला की त्या बाया दुकानाची पायरी चढत न्हाईत, आक्का. माझी आय कवाच चढली न्हाई." तिनं साधी, रोज नेसायची साडी काढली, पुतळ्याला नेसवली आणि पदर कमरेला खोचला, फडात खोचतात तसा. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई रस्त्यात थबकली. शेजारणीला म्हणाली, "ही बग की, आपल्यावानीच खोचून उभी हाय." आणि दोघी पायरी चढल्या. शालननं आतून माझ्याकडे बघितलं. मी काळा चष्मा काढला. परत कधी घातला नाही.

दहावा झाला, तेरावा झाला. लग्नसराई तोंडावर आली. महेश म्हणाला, "मोठी आई, अर्धवट नेसवलेला पुतळा बरा दिसत नाही. गिऱ्हाईक विचारतंय." त्याला काचेत मोठा टीव्ही लावायचाय, त्यावर साड्या नेसलेल्या मुली फिरतील. मी म्हटलं, "थांब, पदर मी लावते." त्या फजितीनंतर मी काचेत कधी चढले नव्हते. चढले. पदराच्या चुण्या घातल्या, टाचणी लावली, गुडघे धरत उतरले, रस्ता ओलांडून पलीकडे गेले. चुकलं होतं. परत आले, खाली सोडला, परत पलीकडे. जास्तच चुकलं. आत होते तेव्हा दिसत नव्हतं आणि दिसायला लागलं की हात पोचत नव्हता... किती वेळा गेले-आले कुणास ठाऊक. माणसं बघत होती. चहावाल्याच्या गाड्यावर आता त्याचा मुलगा असतो, त्यानं मोटारसायकली थांबवून मला वाट करून दिली. मी वाट बघत होते कुणीतरी हसेल म्हणून. हसावं त्यांनी, मी पुतळ्याला चापट मारीन, पुन्हा हसतील... कुणी हसलं नाही. शेवटी मी माझ्या टाचण्या काढल्या आणि पदर तिनं टाकला होता तसा खांद्यावर टाकून दिला. तोही तसा पडला नाही. तिचं होतं तेवढंही मी घालवलं.

टीव्हीवाला काचेचं माप घेऊन गेलाय. मोरपंखी साडी उन्हानं विटायला लागलीय, निऱ्यांच्या आत तेवढा रंग उरलाय.

सकाळी मी अजून रसवंतीपाशी जाऊन उभी राहते. दुसरं कुठं जायचं ते सुचत नाही. काचेवर ऊन येतं, आतलं नीट दिसत नाही, आणि माझा हात आपोआप वर जातो... शालन, जरा खाली सोड. अजून जरा. मग ऊन सरकतं. पदर होता तिथंच असतो आणि माझा हात तसाच वर राहिलेला असतो.