इक्बालची धाव

इक्बालला जाऊन चाळीस दिवस झाले, म्हणून दौंडला त्याच्या घरी गेलो. भाभींनी कपाटातून पिशवी काढली. एरंडेलाचा वास आला आणि आत काय आहे ते न बघताच कळलं. आमचे फुटबॉलचे बूट. दोघांत एकच जोड; डावा मी घालायचो, उजवा तो.

"दर महिन्याला तेल लावायचे," भाभी म्हणाल्या.

रेल्वेत फिटर असलेले सलीममामा आम्हाला शिकवायचे. म्हणायचे, "बॉल नसताना जो पळतो, त्योच खरा फॉरवर्ड." जिल्ह्याच्या निवडीच्या दिवशी इक्बालने दोन्ही बूट माझ्यापुढे ठेवले. "तूच घाल. येकेक बूट बगून सायेब हसतील."

सामन्याच्या शेवटी शेवटी बॉल माझ्याकडे असताना तो मैदानातल्या मुरमावरून अनवाणी उजवीकडे सुसाट सुटला. दोन्ही बॅक त्याच्यामागे धावले आणि माझ्यापुढे गोल मोकळा झाला. मी मारला. साहेबांनी वहीत माझं एकट्याचं नाव लिहिलं. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, तेव्हा इक्बाल खाली बसून तळव्यातला खडा काढत होता.

पुढं कितीतरी वर्षं मी तो गोल लोकांना रंगवून सांगितला. त्यात इक्बाल कधी आलाच नाही.

"भाऊ, ते खेळायचे कसे?" भाभींनी विचारलं. "म्या कवा बगितलंच न्हाई."

सांगायला तोंड उघडलं. पण बॉलपासून लांब पळत जाणारी त्याची पाठ तेवढी डोळ्यांपुढे येत राहिली.