लांब जिभेचा कांगा

केनियातल्या लामू बेटावरच्या त्या गल्लीत बी म्वानेशाचं कुणाशी तोंडानं भांडण झालेलं कुणी ऐकलं नाही. भांडायची वेळ आली, की ती कमरेला गुंडाळायचं छापील कापड, म्हणजे कांगा, बदलायची. त्याच्या काठावर छापलेलं वाक्य नेमकं मागे कमरेखाली येईल असा नेसायची आणि घरात नळ असूनही जिच्याशी वाद तिच्याच दारावरून विहिरीला खेपा घालायची. नवऱ्यानं मोंबासात दुसरा संसार थाटला, तेव्हाही ती रडली नाही. सासूच्या अंगणात पाठमोरी बसून मासे साफ करत राहिली. सासूला वाचता येत होतं.

पोटी मूल नव्हतं. शेजारच्या बी बातूलीनं आपल्या लेकीची, शुफाची सोमो म्हणून तिला नेमलं, तेव्हा म्वानेशाला आभाळ ठेंगणं झालं. सोमोनं मुलीला संसाराच्या चार गोष्टी शिकवायच्या आणि लग्नात हाताला धरून बायकांसमोर आणायचं. त्या दिवसाकडे ती डोळे लावून बसली होती.

पण मागच्या ईदला गप्पांच्या नादात तिचा पिलाव करपला आणि बातूलीनं ते गल्लीभर केलं. म्वानेशानं लगेच कांगा बदलला. बातूलीनं राग गिळला आणि लग्नात सगळ्या बायकांनी एकसारखा नेसायचा म्हणून एक कांगा निवडला. त्यावर होतं, ‘जिची जीभ लांब, तिचा भात करपतो.’

“हा मी नेसू?” म्वानेशानं विचारलं.

“अगं, सगळ्याच नेसणार आहेत. तुलाच बरा टोचला!” बातूली म्हणाली. “नको तर राहू दे बाई. शुफाला तिची मावशी आणेल बाहेर.”

लग्नाच्या दिवशी म्वानेशा तोच कांगा नेसून हजर. बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. आता ही नवरीपुढून चालणार आणि अख्खं अंगण वाचणार!

म्वानेशानं शुफाचे दोन्ही हात धरले, तिच्याकडे तोंड केलं आणि उलट्या पावलांनी चालू लागली. तिची पाठ नवरीच्या रिकाम्या आसनाकडे. त्यामागे नुसती भिंत.

“नीट चाल गं, पडशील!” शुफामागून येणारी बातूली दातओठ खात पुटपुटली.

“नवरीला पाठ दाखवू? अशी कशी गं आई तू?”

बातूलीच्या मागे सगळ्या बायका होत्या. कुणीतरी तिच्या कांग्यावरचं मोठ्यानं वाचलं. खसखस पिकली. बातूलीच्या दोन्ही हातांत धुपाचं पात्र. झाकणार कशानं?

ओढणीखाली शुफा गदगदू लागली. “सोमो, हसवू नकोस ना. काजळ उतरेल.”

“खाली बघ. एवढंही शिकवलं नाही का मी?”

शुफाला बसवून म्वानेशा तिच्याशेजारी भिंतीला टेकून जी बसली, ती हलेचना. जेवणं सुरू झाली तशी म्हणाली, “बातूली, माझं ताट इथेच आण हो. सोमोला नवरीजवळून उठता येत नाही.”

यजमानीण काय करणार? ताट आणायला ती वळली आणि अंगणात पुन्हा हशा उसळला.