अकरा तारखेची सवत

आता काय सांगू तुम्हाला, हसायचं तर आधीच हसून घ्या. नवऱ्याला रंगेहाथ पकडायला मी असोद्याहून थेट धुळ्याला गेले होते!

का नाही जाणार? लग्नाला चार वर्षं झाली, आणि हा बाबा झोपतो गच्चीवर. म्हणे उकडतं. आपल्या जळगावकडे उकडतं, मान्य; पण डिसेंबरात? आणि मूल नाही म्हणून उपास कोणाला? मला! सासूबाईंनी तर सांगूनच टाकलं, "औंदा आखाजीले माहेरले जाशी ना, ते तठेच ऱ्हाय."

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली, आणि याच्या शर्टाच्या खिशात मला धुळ्याच्या एका लॉजचं कार्ड सापडलं. मागे पेनाने लिहिलेलं, 'दर अकरा तारखेला, खोली सात.' दर अकराला हा धुळ्याला मीटिंगला जायचा! बियाण्यांच्या दुकानातल्या माणसाची कसली डोंबलाची मीटिंग?

शिंदखेड्याला दादाला, माझ्या थोरल्या भावाला, फोन लावला. "दादा, धुळ्याला ये. त्या बयेच्या झिंज्या उपटायच्यात!" दादा आधी जाम तापला. लॉजचं नाव सांगितलं तसा गप्प झाला. मला वाटलं, रागाने.

अकरा तारखेला लॉजवर पोचलो तर मॅनेजर दादाला म्हणतो, "भाऊ, आज कसा काय उनात? तुमना नंबर ते पुढला महिनामा शे ना!"

आज कसे आलात, म्हणे! दादा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. मला कुठे थांबायला वेळ? तरातरा वर गेले, सात नंबरचं दार बडवलं. "बाहेर काढा त्या सटवीला!"

दार उघडलं. समोर ढेरपोट्या, टकला वैद्य! भिंतीला टेकून दहा-बारा पुरुष, सगळ्यांच्या तोंडावर रुमाल. त्यातला एक रुमाल मीच धुतलेला.

स्टँडवर हा रडायलाच लागला. "लग्नाआधी खोलीवर एकटा राहायचो. हाताने... सवय होती. वैद्य म्हणाला, नसा वाळल्या. औषध संपेपर्यंत बायकोजवळ जायचं नाही."

"चार वर्षं संपेना ते औषध? मला सांगायचं ना!"

"कोणत्या तोंडाने सांगू?"

आणि मी कोणत्या तोंडाने ऐकत होते वांझ, वांझ? असा संताप आला, काय सांगू!

दुसऱ्याच दिवशी याला जळगावात डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोघांना तपासून त्या सरळ म्हणाल्या, "हस्तमैथुनाने नसाबिसा वाळत नाहीत. पुरुष करतात, बायकाही करतात. दोघं ठणठणीत आहात. त्या पुड्या आधी बंद करा. कशातून घेता?"

"दुधातून," हा म्हणाला.

"रोज? न चुकता?"

याने हळूच माझ्याकडे बघितलं.

यंदा आखाजीला मी माहेरी गेलेच नाही. सासूबाईंना खरं सांगू नको म्हणून याने शपथ घातलीय, त्यामुळे उपास अजून माझेच चालू आहेत. पण त्यांना तरी काय बोलू? याने मला सांगितलं होतं पुड्या ॲसिडिटीच्या, आणि मी धुळ्यात सवत शोधत फिरले. ती माझ्याच फडताळात होती हो! चार वर्षं मीच तिला दूध तापवून देत होते, वर वेलदोडा घालून.